जलपरीक्षा आणि अनुमानाची मर्यादा

नदीचे पाणी निवळ दिसते, एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. निवळपणा डोळ्यांना दिसतो. रोगजंतू दिसत नाहीत. त्यांचे अस्तित्व अनुमानानेच जाणावे लागते, आणि जलपरीक्षेची प्रचलित रीत ही वस्तुतः एक अनुमानपद्धतीच होय.

पाण्यातून पसरणारे रोगजंतू नानाविध असून नित्याच्या तपासणीत प्रत्येकाचा स्वतंत्र शोध घेणे व्यवहार्य नसते. म्हणून मनुष्य व इतर उष्णरक्ती प्राणी यांच्या आतड्यांत विपुल आढळणारा एशेरिकिया कोलाय हा जंतू सूचक मानतात. नमुन्याचे निरनिराळे अंश लॅक्टोजयुक्त द्रवाच्या नळ्यांत घालून उबवतात. ज्या नळ्यांत वायू निर्माण होतो, त्यांची निश्चितीसाठी पुढील परीक्षा करतात आणि नळ्यांच्या संख्येवरून जंतूंची सर्वाधिक संभाव्य संख्या काढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात हा जंतू मुळीच आढळता कामा नये.

येथे न्यायशास्त्रातील एक परिचित विवेक उपयोगी पडतो. धूर दिसला तर अग्नीचे अनुमान करता येते. परंतु धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. त्याचप्रमाणे सूचक जंतू आढळल्यास पाण्यात विष्ठा मिसळल्याचे अनुमान होते. तो न आढळल्यास मात्र पाणी निर्धोक असल्याचे सिद्ध होत नाही.

दिल्लीतील 1955-56 ची कावीळीची साथ याचा दाखला देते. यमुनेवरील वझिराबाद येथील जलकेंद्रात सांडपाणी शिरले. क्लोरिनची मात्रा वाढविण्यात आली व विषमज्वरासारखे जंतुजन्य रोग बळावले नाहीत. तरीही सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. साठविलेल्या रक्तनमुन्यांच्या परीक्षेवरून 1980 मध्ये हा रोग हिपॅटायटिस ‘ए’ वा ‘बी’ नसल्याचे दिसले. तो हिपॅटायटिस ‘ई’ असल्याचे आज मानले जाते. ज्या क्लोरिनने कोलाय जंतू मरतो, त्याला काही विषाणू दाद देत नाहीत.

सारांश, परीक्षेच्या अहवालात ‘सूचक जंतू आढळला नाही’ एवढेच विधान प्रमाण होय. ‘पाणी शुद्ध आहे’ हे विधान त्यातून निघत नाही. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. पहिल्या विधानानंतर सांडपाण्याच्या वाटा, गढूळता व उरलेला क्लोरिन यांची तपासणी चालू राहते. दुसऱ्यानंतर ती थांबते.