शिक्क्यावर ठरणारी किंमत

जर्मनीत १ ऑगस्ट १९२३ रोजी परगावी साधं पत्र पाठवायला १,००० मार्क लागत. १ ऑक्टोबरला त्याच पत्राला २० लाख, १ नोव्हेंबरला १० कोटी आणि १ डिसेंबरला १०,००० कोटी मार्क. एकट्या नोव्हेंबरात दर पाचदा बदलले. महायुद्धाचं कर्ज होतं, युद्धभरपाईचा बोजा होता. त्यात जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. काम बंद ठेवणाऱ्या तिथल्या कामगारांना पोसण्यासाठी सरकारनं बेसुमार नोटा छापल्या आणि मार्क मातीमोल झाला.

टपाल खात्याची झालेली त्रेधातिरपीट त्या वेळच्या तिकिटांवर स्पष्ट दिसते. नव्या किमतीची तिकिटं वेळेत छापून होईनात, म्हणून जुन्या तिकिटांवर हजारांचे, लाखांचे आकडे वरून छापले गेले. शेवटच्या तिकिटांवर ना राजा, ना देखावा. नक्षीच्या मधोमध फक्त आकडा. त्यातलं सर्वांत मोठं ५० मिलियार्डचं, म्हणजे ५,००० कोटी मार्कांचं. काही तिकिटांच्या कडेला नेहमीची गोल छिद्रंही नाहीत, कागदाला नुसत्या चिरा दिलेल्या आहेत. तिकिटं अपुरी पडली की टपाल कचेरी रोख पैसे घेऊन लिफाफ्यावर तशी नोंद करी.

१५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क असा हिशेब होता. मागे उरलेल्या तिकिटांचे गठ्ठे व्यापाऱ्यांमार्फत जगभर पोचले. नवख्या संग्राहकांसाठीच्या स्वस्त पाकिटांत ती आजही हमखास सापडतात. आकडा पाहून डोळे विस्फारतात, पण कोऱ्या तिकिटाला बहुधा फारशी किंमत नसते.

खरी किंमत असते ती त्या महागाईच्या काळात प्रत्यक्ष टपालात गेलेल्या तिकिटाला. एरवी संग्राहक कोरं तिकीट शोधतात. इथे उलटा न्याय आहे. शेवटच्या टप्प्यातली कित्येक तिकिटं वापरलेली असतील तर कोऱ्यापेक्षा अनेक पटींनी महाग असतात. साहजिकच खऱ्या तिकिटावर खोटा शिक्का मारण्याचा धंदाही फोफावला. म्हणून शिक्क्याची पारख हाच या छंदाचा कणा ठरला. १९३२ साली बर्लिनमध्ये ‘इन्फ्ला-बर्लिन’ ही याच तिकिटांना वाहिलेली संस्था निघाली. तिच्या तज्ज्ञांनी खरा शिक्का ओळखून तिकिटाच्या पाठीवर उमटवलेली छोटी मोहोर ग्राहकाला भरवसा देते.

पारख कशी चालते ते एका लिफाफ्यावरून पाहू. परगावचं साधं पत्र, २० ग्रॅमच्या आतलं, वर २० मिलियार्डचं एकच तिकीट. शिक्का २२ नोव्हेंबरचा असेल तर हिशेब चोख आहे, कारण २० तारखेपासून दर २० मिलियार्डच होता. शिक्का १५ नोव्हेंबरचा असेल तर दर होता १०. मग दुप्पट पैसे का भरले, याचं उत्तर शोधावं लागेल. आणि शिक्का २८ नोव्हेंबरचा असेल तर? तेव्हा दर ८० मिलियार्ड, म्हणजे तिकीट अपुरं वाटतं. पण २६ ते ३० नोव्हेंबर या पाच दिवसांत टपाल खातं तिकिटाची किंमत छापील आकड्याच्या चौपट धरत होतं. वीस चोक ऐंशी. हिशेब पुन्हा जुळला. असे पाच दिवसांतले लिफाफे संग्राहक आवर्जून शोधतात.

हे सारं लिफाफा शाबूत असेल तरच कळतं. तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं की पत्राचं वजन, पत्ता, भरलेली एकूण रक्कम, सगळे पुरावे गेले. तेव्हा जुन्या कागदपत्रांत असा लिफाफा हाती आला, तर त्याला कात्री आणि पाणी लावू नये. आधी तारीख वाचावी, त्या दिवसाचा दर पाहावा आणि तिकिटांची बेरीज करावी. बेरीज जुळली, तर ऐन महागाईत कुणीतरी पै-पैचा हिशेब करून धाडलेलं पत्र आपल्याला मिळालेलं असतं, आणि जपण्यासारखं त्यात तेच आहे.