भंगारात जाणारा पुरावा

जळगावहून धुळ्याला निघालो की वाटेत पोलीस ठाण्यांच्या आवारात चेपलेल्या गाड्या दिसतात. पूर्वी मी नुसता हळहळत असे. आता प्रश्न पडतो : आतल्या माणसाला इजा केवळ धडकेने झाली, की गाडीच्या घडणीनेही?

धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ रोजी कंटेनर हॉटेलात घुसला आणि अनेक जीव गेले. ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. ते उताराने, भाराने, निगा न राखल्याने की रचनेतल्या उणिवेने, हे चार वेगळे प्रश्न आहेत. पण ‘ब्रेक फेल’ म्हटले की आपली चौकशी थांबते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही समोर असतात ते चालक, मालक आणि विमा कंपनी. गाडी घडवणारा सहसा नसतो.

त्याला गाठण्याची वाट ग्राहक आयोगातून जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे निर्मितीतला दोष, रचनेतला दोष किंवा धोक्याची पुरेशी सूचना न देणे, यांपैकी कशानेही इजा झाली तरी उत्पादक जबाबदार ठरतो.

जुन्या कायद्याखालचा एक निकाल इथे उपयोगी आहे. २०१५ मध्ये घेतलेल्या ह्युंदाई क्रेटाला २०१७ मध्ये अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत, चालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. समोरून पुरेसा आघात झालाच नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. वेग आणि बल यांचे गणित मांडण्याइतके भौतिकशास्त्र ग्राहकाला यावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटले. तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

मला यात महत्त्वाचे वाटते ते गाडीच्या नुकसानीचे वर्णन. खांब, टप, दरवाजे कुठे दबले, यावरून आघात किती मोठा होता हे ठरले. आपल्याकडे नातेवाईक दवाखान्यात धावत असतात, आणि पंचनामा झाला की सांगाड्याकडे कोणी फिरकत नाही. खरे तर एअरबॅग, सीटबेल्ट, वाकलेले स्टीअरिंग यांचे फोटो त्याच आठवड्यात काढायला हवेत, आणि तज्ज्ञ तपासणी होईपर्यंत गाडी विकू नये. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे.

आणखी एक अडचण आपल्या हौसेची. गाडीत फेरफार केलेला असेल तर कलम ८७ विक्रेत्याला बचाव देते. खानदेशात गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात पुढे लोखंडी गार्ड बसतो.