परदेशी शिकणारी आपली मुले आणि विलायती शालान्त परीक्षा



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला तेव्हा मी थोडा बिचकलो. कुर्डुवाडीसारख्या गावी विलायती शाळांच्या परीक्षांचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आताही असेल. परंतु कोणाचा मुलगा दुबईस, कोणाची लेक मस्कतला, कोणाचा पुतण्या लंडनला, अशी घरे आता आपल्या तालुक्यातही आहेत. ही मंडळी उन्हाळ्यात गावी आली की ओसरीवर तोच प्रश्न निघतो : "पोराने तिकडची परीक्षा दिली, तर इकडे चालेल का?" आजोबांना उत्तर सुचत नाही आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा बापालाही सुचत नाही. त्या प्रश्नाचा उलगडा करावा एवढाच आजचा हेतू आहे.

कुर्डुवाडीकरांना ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. १८९७ साली येथून बार्शीला अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी गाडी मात्र साडेपाच फुटांच्या रुळांवरून धावे. दोन्ही गाड्या उत्तमच होत्या. पण छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढत नसे. लातूरकडचे पोते येथे उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. आता रूळ रुंद झाले आहेत आणि ती हमाली संपली आहे. शिक्षणाच्या रुळांची रुंदी मात्र देशोदेशी अजून वेगळीच आहे. तेव्हा कोणती परीक्षा श्रेष्ठ, हा प्रश्न सोडून द्यावा. आपला डबा पुढे कोणत्या रुळांवर न्यायचा आहे, हे आधी ठरवावे.

आता परीक्षांची ओळख करून घेऊ. इंग्लंडात १९५१ साली 'ओ लेव्हल' व 'ए लेव्हल' या परीक्षा सुरू झाल्या. पहिली सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यावयाची, दुसरी अठराव्या. पुढे ओ लेव्हल व तिच्या जोडीची दुसरी एक परीक्षा एकत्र करून जी.सी.एस.ई. ही परीक्षा करण्यात आली. ती प्रथम १९८८ साली घेतली गेली. त्याच सुमारास केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने परदेशांतील शाळांसाठी तिची बहीण काढली, ती आय.जी.सी.एस.ई. पुढे अशा आंतरराष्ट्रीय परीक्षा इतर मंडळांनीही सुरू केल्या. अठराव्या वर्षाच्या ए लेव्हललाही अशीच परदेशासाठीची जोड आहे. स्कॉटलंडची पद्धत या सर्वांहून निराळी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

या दोन बहिणींत फरक कोणता? विद्यापीठांच्या दृष्टीने फारसा नाही. दोन्ही सामान्यतः समान मानल्या जातात. फरक आहे तो व्यवहारात. इंग्लंडच्या जी.सी.एस.ई.त काही विषयांचे गुण शाळेनेच घेतलेल्या कामावर अवलंबून असतात. शाळा बदलली की ते काम अडते आणि बाहेरून बसणाऱ्या मुलाची तर फारच पंचाईत होते. आंतरराष्ट्रीय परीक्षेत पुष्कळ विषयांचा निकाल केवळ लेखी परीक्षेवर लागू शकतो. शास्त्र विषयांत प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी प्रयोगावरील लेखी प्रश्नपत्रिका घेण्याची सोयही असते. दुसरा फरक वेळापत्रकाचा. इंग्लंडची परीक्षा मे-जूनमध्ये एकदाच होते. नोव्हेंबरात फक्त इंग्रजी व गणित पुन्हा देता येते. केंब्रिजची परीक्षा जून व नोव्हेंबर अशी दोनदा होते आणि भारतातील शाळांसाठी मार्चमध्येही.

तिसरा फरक श्रेणींचा. इंग्लंडात २०१७ पासून क्रमाक्रमाने अक्षरांच्या जागी ९ ते १ असे आकडे आले. ९ सर्वांत वरचा. जुन्या सी श्रेणीच्या जागी साधारण ४ येतो. आपल्याकडे पहिला नंबर मोठा मानतात. तेव्हा नातवाला १ मिळाला म्हणून आजीने पेढे वाटू नयेत, एवढे सांगून ठेवतो. केंब्रिजच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी अजून ए-तारांकितपासून जी पर्यंत अक्षरेच आहेत.

आता निवडीचा विचार. त्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पोर पुढे कोठे शिकणार? इंग्लंडातच कायमचे राहणाऱ्या कुटुंबाला फारशी निवड नसते. तेथील सरकारी शाळा जी.सी.एस.ई.च घेतात आणि तीच योग्य. आखातातील कुटुंबाची स्थिती वेगळी. तेथे एकाच शहरात केंद्रीय मंडळाच्या भारतीय शाळाही असतात व विलायती पद्धतीच्याही. मूल पुढे इंग्लंडला पाठवायचे असेल तर विलायती वाट सरळ आहे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात आणायचे असेल, तर ती वाट बंद नाही, पण मध्ये गाडी बदलावी लागते हे जाणून निघावे.

ती बदली कशी होते? आय.जी.सी.एस.ई.त इंग्रजी धरून किमान पाच विषयांत सी किंवा त्याहून वरची श्रेणी असली की ती दहावीशी समान धरावी, ही आजवरची सर्वसाधारण कसोटी आहे. बारावीसाठी त्यावर तीन ए लेव्हल लागतात. पहिल्या वर्षानंतरची ए.एस. ही निम्मी परीक्षा आहे. तिला बारावी समजून परत आलेल्या मुलाची फजिती होते. समानतेचा दाखला भारतीय विश्वविद्यालय संघ देत आला आहे. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानेही याविषयी स्वतःचे नियम काढले. म्हणून ज्या महाविद्यालयात जायचे त्याचा चालू वर्षाचा नियम लेखी पाहून घ्यावा; शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागले यावर विसंबू नये.

दुसरा प्रश्न : पुढे कोणता धंदा, कोणती विद्या? येथेच सर्वांत मोठी चूक होते. आपल्या बारावीच्या शास्त्र शाखेत पाच-सहा विषय असतात; ए लेव्हलला बहुधा तीनच. समजा, एका मुलीने सोळाव्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान व अर्थशास्त्र घेतले. इंग्लंडात तिला पुष्कळ दारे उघडी राहतील. पण तिला येथे डॉक्टर व्हायचे असेल, तर रसायन व जीवशास्त्र नाही म्हणून 'नीट' परीक्षेचे दार तिने अजाणता लावून घेतले. त्या परीक्षेसाठी पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांचा अभ्यास झालेला असावा लागतो. ए लेव्हलला इंग्रजी घेणारी मुले थोडी. म्हणून इंग्रजीची अट कशाने पुरी होणार हे आधीच विचारून ठेवावे. केंब्रिजमध्ये काही विषयांना सोपा व विस्तृत असे दोन अभ्यासक्रम असतात. सोप्यात सी च्या वर श्रेणीच मिळत नाही. शाळेने मुलाला त्यात घातले असेल तर पालकांनी कारण विचारावे. इंग्रजीही 'प्रथम भाषा' व 'द्वितीय भाषा' अशी दोन प्रकारची असते आणि काही विद्यापीठे दुसरी पुरेशी मानीत नाहीत.

तिसरा प्रश्न : कुटुंब मध्येच हलणार काय? आखातातील नोकरी कराराची. करार संपला की महिन्या-दोन महिन्यांत बिऱ्हाड उचलावे लागते. हे अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे आहेत. पंधराव्या वर्षी मूल मधूनच उठले तर हाती काहीच पडत नाही. ज्यांचे ठिकाण अनिश्चित, त्यांनी आंतरराष्ट्रीय परीक्षा पसंत करावी, कारण केंब्रिजची केंद्रे पुण्या-मुंबईतही आहेत. किंवा सरळ भारतीय मंडळाची शाळा धरावी. यात कमीपणा काही नाही. इयत्तांचा हिशेबही नीट करावा : तिकडचे दहावे वर्ष म्हणजे आपली नववी, अकरावे म्हणजे दहावी. हा एक आकड्याचा फरक न कळल्याने मुलाचे वर्ष वाया जाते.

वेळेचीही एक मेख आहे. जूनमध्ये दिलेल्या परीक्षेचा निकाल ऑगस्टात लागतो आणि आपल्याकडील प्रवेशांची गर्दी त्याआधीच सुरू झालेली असते. भारतातील शाळेत मार्चमध्ये परीक्षा दिल्यास निकाल मे महिन्यात हाती येतो. परदेशातून येणाऱ्याने मात्र शाळेकडून अपेक्षित श्रेणींचे पत्र, जुनी प्रगतिपुस्तके व शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे तेथून निघण्यापूर्वीच घ्यावीत. परत आल्यावर पत्रव्यवहार करणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणे होय.

शेवटी आपल्या भाषेबद्दल. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. परत येणाऱ्या मुलाला हा धडा एकदम समोर येतो. मॉरिशसकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या आपल्या लोकांचे वंशज आजही आहेत. तेथील शालान्त परीक्षा केंब्रिजच्याच, आणि त्यांत मराठी हा विषय घेता येतो. विलायती परीक्षा आणि मराठी यांचे वैर नाही. वैर आहे ते आपल्या आळसाचे. घरी रोज अर्धा तास मराठी वाचून घेतले तर कोणत्याही मंडळाची त्याला हरकत नाही.

आपण आजी-आजोबा आहात. नातवंडांची शाळा निवडणे आपल्या हाती नाही. पण सुटीत मुलगा-सून आले की हे तीन प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. चौदाव्या वर्षी विचारलेला प्रश्न अठराव्या वर्षीचे रडू वाचवितो. कुर्डुवाडीच्या फलाटावर वाढलेल्या माणसाला एवढे सांगणे पुरे : गाडी कोठे बदलायची आहे, हे ज्याला आधी ठाऊक असते, त्याचे सामान हरवत नाही.