ब्लड कल्चर : बाटलीआधीची तीस सेकंदं

2025च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोमची) साथ आली, तेव्हा खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात घरोघरी एकच प्रश्न होता : जंतू नेमका कोणता? काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. रक्तात जंतू शिरल्याची शंका असेल, तर हाच प्रश्न ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत उगवून पाहण्याची तपासणी, सोडवतं. पण रक्त घेताना कातडीवरचा जंतू बाटलीत गेला, की उत्तरच चुकतं. याला कंटॅमिनेशन म्हणतात. रुग्णाला नको ती अँटिबायोटिक्स चालू होतात, मुक्काम लांबतो, बिल वाढतं. शंभर कल्चरमागे असे नमुने तीनपेक्षा कमी असावेत, असा जगभरचा दंडक आहे.

गैरसमज : स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं.
वस्तुस्थिती : अल्कोहोलमधल्या 2 टक्के क्लोरहेक्सिडिनने जागा तीस सेकंद घासायची आणि आपोआप वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही. वाळल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपली, तर आधीची मेहनत वाया गेली. हातमोजे घातले असले तरी तेच : नेहमीचे हातमोजे स्वच्छ असतात, निर्जंतुक नसतात.

गैरसमज : बाटली सीलबंद आहे, म्हणजे तोंडही निर्जंतुक.
वस्तुस्थिती : प्लास्टिकचं टोपण काढल्यावर दिसणारं रबरी बूच निर्जंतुक नसतं. तेही अल्कोहोलने पुसून वाळू द्यावं लागतं.

गैरसमज : सलाईनची सुई आहेच, त्यातूनच रक्त घ्या.
वस्तुस्थिती : बसवून ठेवलेल्या सुईत आणि नळीत जंतू घर करतात. म्हणून शीर नव्याने टोचावी लागते.

गैरसमज : एवढं रक्त कशाला? आणि दोनदा कशाला?
वस्तुस्थिती : आजारी प्रौढाच्या एक मिलिलिटर रक्तात कित्येकदा एखादाच जंतू असतो. म्हणून मोठ्यांचं प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त लागतं. मुलांचं वजनाप्रमाणे कमी. आणि दोनदा यासाठी, की दोन वेगळ्या जागांहून घेतलेल्या नमुन्यांपैकी एकातच कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस उगवला, तर तो बहुधा कातडीवरचा असतो. टायफॉइडचा जंतू मात्र एकाच बाटलीत आला तरी खरा मानायचा.

गैरसमज : आधी अँटिबायोटिक द्या, कल्चर सावकाश पाठवू.
वस्तुस्थिती : औषध रक्तात गेलं की जंतू उगवण्याची शक्यता घटते. आधी कल्चर, लगेच औषध. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची.

हे सगळं सिस्टरना ठाऊक नसतं असं नाही. एका वॉर्डात तीन बेल वाजत असतात आणि हाताखाली कोणी नसतं, तेव्हा ती तीस सेकंदं निसटतात. क्लोरहेक्सिडिन, बाटल्या, स्वॅब एकाच ट्रेमध्ये तयार ठेवणं आणि दर महिन्याचा कंटॅमिनेशनचा आकडा वॉर्डाला कळवणं, एवढं रुग्णालयाने केलंच पाहिजे.

आणि आपण घरच्यांनी? तापाने फणफणलेलं माणूस सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून आणलेलं असतं, जीव टांगणीला लागलेला असतो. सिस्टर दंडाला पट्टा बांधून, औषध वाळायची वाट बघत थांबतात, तेव्हा ‘लवकर करा ना’ असं ओठांवर येतं. तेवढं गिळा. त्यांचं ते थांबणं आपल्याच माणसासाठी असतं.