मालमोटारीच्या चालकाचा काळ : जर्मनीतील नियमांचा परिचय

अवजड मालमोटार चालविण्याचे नियम म्हटले की परवाना, वेगमर्यादा आणि वाहनाचे वजन या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. जर्मनीत या तिन्हींविषयी काटेकोर नियम आहेत. साडेसात टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारीस महामार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि काही अपवाद सोडल्यास रविवारी रात्री दहापर्यंत तिला रस्त्यावर येण्यास मनाई आहे. तथापि तेथील नियमसंहितेचा गाभा वाहनात नसून चालकाच्या काळात आहे. त्याने किती वेळ चाक हाती धरावे, केव्हा थांबावे, कोठे झोपावे आणि या सर्वांची साक्ष कोणी द्यावी, हे प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहेत. जर्मनी युरोपीय संघाची सदस्य असल्याने या विषयावरील बहुतेक नियम संघानेच घालून दिलेले आहेत.

प्रथम प्रवेशाच्या अटी पाहू जाता परवाना आणि व्यवसाय यांत तेथे भेद केलेला आढळतो. साडेतीन टनांवरील मालवाहनासाठी ‘सी’ वर्गाचा व त्याला मोठे अनुयान जोडल्यास ‘सीई’ वर्गाचा परवाना लागतो. वयाची सामान्य अट २१ वर्षांची आहे. परवाना पाच वर्षांपुरता असून नूतनीकरणाच्या वेळी वैद्यकीय तपासणी व दृष्टिपरीक्षा द्यावी लागते. भारतीय परवान्यावर जर्मनीत वास्तव्यास गेल्यापासून सहा महिनेच वाहन चालविता येते. त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन तेथील परवाना मिळवावा लागतो. परंतु एवढ्याने मोबदला घेऊन माल वाहण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. त्यासाठी संघाच्या निर्देशान्वये स्वतंत्र व्यावसायिक पात्रता आवश्यक आहे. ती मिळविण्याचा रूढ मार्ग म्हणजे १४० तासांचे प्रशिक्षण व परीक्षा. पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी-प्रशिक्षण घ्यावे लागते.

संघाबाहेरील देशाचा नागरिक सदस्य-राष्ट्रातील वाहतूक-संस्थेच्या वतीने सीमा ओलांडून माल नेत असेल, तर सामान्यतः आणखी एक कागद लागतो. तो म्हणजे चालक-प्रमाणपत्र. हा चालक कायदेशीर रीतीने नेमलेला आहे, असे ते सांगते. मात्र हे प्रमाणपत्र चालकाच्या नव्हे, तर वाहतूक-संस्थेच्या मालकीचे असते. संस्था ते चालकाच्या हाती केवळ वापरापुरते देते. ज्या कागदामुळे त्याचे काम वैध ठरते, तो कागदच मालकाचा, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता काळाचे नियम. सध्या लागू असलेला मुख्य नियम २००६ चा, क्रमांक ५६१, होय. त्यानुसार दिवसाला वाहन चालविण्याची मर्यादा ९ तासांची आहे. आठवड्यातून दोनदा ती १० तासांपर्यंत वाढविता येते. आठवड्याची कमाल मर्यादा ५६ तास, तर लागोपाठच्या दोन आठवड्यांची मिळून ९० तास. म्हणजे एका आठवड्यात पूर्ण ५६ तास वाहन चालविणाऱ्यास पुढील आठवड्यात केवळ ३४ तास उरतात. सलग साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे बंधनकारक आहे. ही विश्रांती तोडून घ्यावयाची असल्यास आधी १५ व नंतर ३० मिनिटे, असाच क्रम हवा. दैनिक विश्रांती ११ तासांची आणि साप्ताहिक विश्रांती ४५ तासांची आहे. दोन्हींत काही प्रमाणात काटछाट करता येते. साप्ताहिक विश्रांती २४ तासांवर आणल्यास उरलेले तास मात्र तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत भरून द्यावे लागतात. या सर्व आकड्यांमागील तत्त्व एकच आहे. थकवा साचत जातो आणि एका रात्रीच्या झोपेने तो पुरता उतरत नाही. म्हणून दिवस, आठवडा आणि पंधरवडा अशा तीन मापांनी त्यास बांध घातलेला आहे.

अशा मर्यादा घालणे सोपे, पाळल्या गेल्या की नाही हे ठरविणे कठीण. कारखान्यातील मजुराचा काळ भोंग्याने मोजला जातो. मालमोटारीचा चालक मात्र दूरच्या रस्त्यावर एकटा असतो. तत्कालीन युरोपीय समुदायाने १९६९ मध्ये तासांचे पहिले समाईक नियम केले आणि पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, टॅकोग्राफ नावाच्या नोंदणी-यंत्राचा नियम केला, तो याच अडचणीमुळे. हे यंत्र वेग, अंतर आणि वेळ यांची नोंद ठेवते. आरंभी चालकांनाच ते जाचक वाटले. ब्रिटनमध्ये त्यास ‘कॅबमधील हेर’ असे नाव पडले आणि त्या देशाने अंमलबजावणी टाळल्यामुळे १९७९ मध्ये समुदायाच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पूर्वीच्या कागदी चकतीची जागा २००६ पासून नव्या वाहनांत चालकाच्या नावाच्या कार्डाने घेतली. २०२३ च्या ऑगस्टपासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांतील यंत्र सीमा ओलांडल्याची नोंदही आपोआप घेते. तपासणीच्या वेळी चालू दिवसाबरोबर मागील ५६ दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागतात.

या यंत्राची साक्ष मात्र मर्यादित आहे. चाक फिरत असल्यास ते स्वतःहून ओळखते. परंतु वाहन उभे असताना चालक माल उतरवीत आहे, आपल्या पाळीची वाट पाहत आहे की झोपला आहे, हे त्याला चालकानेच कळ दाबून सांगावे लागते. माल चढविण्या-उतरविण्याचा वेळ ‘इतर काम’ म्हणून नोंदविण्याऐवजी विश्रांती म्हणून दाखविला की कागदावर नियम पाळला जातो आणि अंगातील थकवा तसाच राहतो. चालकाला असे करण्याचा मोह का होतो, याचाही विचार कायद्याने केला आहे. सुरक्षिततेला बाध येत असेल अथवा नियमभंगास उत्तेजन मिळत असेल, तर अंतर, पोहोचविण्याची त्वरा वा मालाचे प्रमाण यांवर वेतन देण्यास नियमाच्या दहाव्या कलमाने मनाई केली आहे. चालकाने केलेल्या उल्लंघनास संस्थेलाही तेच कलम जबाबदार धरते. याउलट, थांबण्यास सुरक्षित जागाच न मिळाल्यास बारावे कलम जागा मिळेपर्यंत मर्यादा ओलांडू देते. मात्र त्याचे कारण चालकाने हाताने लिहून ठेवले पाहिजे.

विश्रांती किती, याबरोबरच ती कोठे, हा प्रश्नही कालांतराने पुढे आला. आठवडेच्या आठवडे घरापासून दूर असलेले चालक ४५ तासांची विश्रांतीही कॅबमध्येच काढीत. जर्मनीने २०१७ मध्ये आपल्या कायद्याने यास प्रतिबंध केला आणि त्याच वर्षाच्या २० डिसेंबरला युरोपीय न्यायालयाने मूळ नियमाचा अर्थही तसाच असल्याचा निर्णय दिला. २०२० च्या दुरुस्तीने तो स्पष्ट शब्दांत आला. निवासाचा खर्च मालकाने करावयाचा आणि सामान्यतः दर चार आठवड्यांच्या आत चालकास घरी अथवा संस्थेच्या ठाण्यावर परतता येईल अशी कामाची आखणी करावयाची, असे त्याने ठरविले.

एवढी तटबंदी असूनही २०२३ च्या वसंतात डार्मश्टाटजवळील ग्रेफेनहाउझेन येथे जे घडले ते विचार करावयास लावणारे आहे. पोलंडमधील एका वाहतूक-संस्थेसाठी काम करणाऱ्या, मुख्यतः जॉर्जिया व उझबेकिस्तान येथील, चालकांनी ए-५ महामार्गावरील विश्रांतिस्थळी मालमोटारी उभ्या केल्या आणि थकलेले वेतन मिळेपर्यंत हलण्यास नकार दिला. कित्येक आठवडे ते तेथेच, आपापल्या कॅबमध्ये, राहिले. एप्रिलच्या अखेरीस पैसे मिळाल्यावरच संप मिटला. टॅकोग्राफ चालकाचे तास मिनिटागणिक मोजतो. परंतु त्या तासांचे मोल चुकते झाले की नाही, हे त्याला कळत नाही. ज्या परकीय चालकाचा रोजगार, वास्तव्याचा हक्क आणि प्रमाणपत्र ही तिन्ही एकाच मालकाशी बांधलेली, त्याला तक्रार करणे म्हणजे तिन्ही पणाला लावणे होय.

भारतात मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण तो सर्वसाधारणपणे पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच लागू होता. एकदोन मालमोटारी बाळगणाऱ्या मालकाचा चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कायद्याची उणीव तेथे कक्षेत होती, युरोपात ती साक्षीत आहे. तेव्हा अशा नियमांचा अभ्यास करताना तासांचे आकडे पाहून थांबता येणार नाही. ते तास कोणाला लागू आहेत, त्यांची नोंद कोण करतो आणि ती नोंद खोटी असल्यास ‘नाही’ म्हणण्याचे बळ चालकापाशी आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक देशाच्या बाबतीत विचारले पाहिजेत.