विंडोज उठत नसताना आत डोकावणं

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात संगणक बंद पडला की वर्षानुवर्षं एकच इलाज ठरलेला होता: 'फॉर्मॅट मारा, नवी विंडोज टाका.' तो जमला नाही तर डबा एसटीत घालून नगर गाठायचं. आत काय आहे हे आधी कुणी बघायचं नाही. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, क्लास निघाले, डीटीपीची दुकानं आली. त्या यंत्रांत लग्नपत्रिका होत्या, शाळेचे निकाल होते, ऊसतोड टोळ्यांच्या उचलीचे हिशोब होते. 'डेटा गेला' म्हणजे नेमकं काय गेलं, ते हिशोब गमावलेल्यालाच ठाऊक.

आत बघायची सोय मात्र केव्हाचीच होती. क्लाउस क्नॉपरनं 2000 साली क्नॉपिक्स काढलं. सीडीवरून अख्खं लिनक्स चालायचं. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांत जास्त रुळली ती हिरेनची बूट सीडी. तिच्यातली छोटी एक्सपी चालू झाली की फाइली कॉपी करता यायच्या. पण सीडीवरून ती उठायला वेळ लागायचा आणि भारनियमनात मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

पुढे पेनड्राइव्ह स्वस्त झाले. एकाच पेनड्राइव्हवर चार-पाच सिस्टिम ठेवायची पद्धत आली आणि त्यांची यादी दाखवायला अनेकदा असायचा ग्रब. 1995 मध्ये एरिक बोलिननं सुरू केलेला हा प्रोग्रॅम सिस्टिमच्या आधी उठतो. माझ्या मते त्याची सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली बाजू हीच, की फाइली बघायला त्याला कुठलीच सिस्टिम लागत नाही.

मेनूवर 'सी' दाबायचं, काळा पडदा येतो. तिथं 'एलएस' लिहिलं की पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क यांचे सगळे भाग ओळीनं दिसतात. बायोसच्या जुन्या यंत्रांवर ज्यावरून बूट केलं तो पेनड्राइव्हच बहुधा 'एचडी0' होतो आणि घरची हार्डडिस्क 'एचडी1', त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. जुन्या ग्रबमध्ये भाग शून्यापासून मोजत, ग्रब 2 मध्ये एकपासून. भागाचं नाव देऊन शेवटी तिरकी रेघ मारली की फोल्डर उघडे पडतात. 'कॅट' म्हटलं की साधी मजकुराची फाइल वाचता येते. वर्डची फाइल मात्र वाचता येत नाही, ती आहे एवढंच कळतं. मराठीत ठेवलेल्या नावांच्या जागी साध्या पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटतात. तरी तारीख आणि आकार 'एलएस -एल'नं दिसतो, आणि तेवढ्यावरूनही हिशोबाची फाइल जागेवर आहे का ते ओळखता येतं. शिवाय ग्रब फाइली वाचतो, त्यांत ढवळाढवळ करत नाही. घाबरलेल्या गिऱ्हाइकासमोर बसलेल्याला याहून मोठा आधार नाही.

2020 मध्ये असा पेनड्राइव्ह बनवून देणारं व्हेंटॉय आलं. सिस्टिमची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करायची, बाकी काही नाही. त्यात 'एफ2' दाबून डिस्क चाळता येते, पण ती यादी बूट होणाऱ्या फाइलींपुरती. तुमचे कागद तिथं शोधू नयेत. 23 सप्टेंबर 2022 ला आष्टी-नगर रेल्वे धावली आणि नगर जवळ आलं, पण तोवर खिशात असा पेनड्राइव्ह ठेवणाऱ्याला केवळ डेटा काढण्यासाठी तिथवर जायची गरज उरली नव्हती.

आता हा दरवाजा बंद होत चालला आहे. 2024 च्या विंडोज 11 पासून नव्यानं सिस्टिम टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की बहुतेक यंत्रांत डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद होते. चोरापासून ते बरं आहे. पण अशा डिस्कपुढे ग्रब 'फाइलसिस्टिम ओळखता येत नाही' एवढंच सांगतो आणि किल्ली नसेल तर दुरुस्तीवाल्याचंही काही चालत नाही. नवा लॅपटॉप घेतला असेल तर ती 48 अंकी बिटलॉकर किल्ली आजच वहीत उतरवून ठेवा. आणि जुनं यंत्र दुकानात नेलंत तर फॉर्मॅट मारू देण्याआधी आत काय आहे ते दाखवायला सांगा.