पोर सावरतं, पण एकट्यानं नाही

मे महिन्यातल्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा पंचनामा बागेचा होतो. त्यानंतर महिनोन्‌महिने कुणाशी न बोलणाऱ्या बापाची नोंद कुठेच होत नाही. बाळंतपणानंतर अंथरुणातून उठायचं बळ न उरलेल्या आईचीही नाही. मग त्यांच्या मुलांकडे कोण बघणार? जळगाव-धुळ्याकडेच नव्हे, सगळीकडेच अशा आईबापांबद्दल आणि त्यांच्या मुलांबद्दल काही पक्क्या समजुती आहेत. त्या तपासून पाहू.

गैरसमज : आईबापाचं असं खचून जाणं म्हणजे आळस आहे, नाहीतर ‘बाहेरचं’ काहीतरी आहे.
वस्तुस्थिती : दोन आठवडे उलटूनही मन उदास राहतं, झोप आणि भूक बिघडते, कशातच रस वाटत नाही, तेव्हा तो नैराश्याचा आजार असू शकतो. गोव्यातल्या एका अभ्यासात (२००२) बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांच्याशी त्याचा संबंध दिसला. औषधं आणि समुपदेशनानं हा आजार आटोक्यात येतो. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

गैरसमज : आईबाप असे, तर मुलंही तशीच निघणार.
वस्तुस्थिती : धोका वाढतो, हे खरं. अशा मुलांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते. पण ते विधिलिखित नाही. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचा मानसिक आजार अशी संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं कर्ती, समाधानी माणसं झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना आजी, मावशी, शेजारीण किंवा शिक्षक असं एखादं भरवशाचं माणूस लाभलं होतं.

गैरसमज : पोर शहाणं आहे, सगळं सांभाळतं, त्याची काळजी नको.
वस्तुस्थिती : दहा वर्षांची मुलगी भाकरी थापते, धाकट्याला शाळेत सोडते, आईच्या गोळ्यांची वेळ सांभाळते. थोडीफार जबाबदारी मुलांना बळ देते. पण सगळंच घर अंगावर पडलं, तर अभ्यास, खेळ आणि झोप जाते. अशी मुलं रडत नाहीत, तक्रार करत नाहीत, म्हणून ती नजरेतून सुटतात. त्यांची पाठ थोपटण्यापेक्षा त्यांच्या हातातलं एखादं काम मोठ्यांनी उचलावं.

गैरसमज : मुलांना काही कळत नाही, त्यांच्यासमोर विषय नको.
वस्तुस्थिती : घरातला अबोला लहानग्यांनाही जाणवतो. कारण कुणी सांगितलं नाही, तर ‘माझ्यामुळेच झालं’ असं ती धरून बसतात. ‘पप्पांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, डॉक्टर औषध देताहेत,’ एवढं साधं सांगणंही त्यांना आधार देतं.

गैरसमज : आईचा इलाज आईपुरता.
वस्तुस्थिती : अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयांवर नैराश्याचे उपचार सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांनी मुलांची तपासणी झाली. आधीपासून मानसिक त्रास असलेल्या मुलांपैकी, ज्यांच्या आया बऱ्या झाल्या त्यांच्यातली ३३ टक्के मुलं सावरली. ज्यांच्या आया बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्केच होतं. आपल्याकडचा कायदाही आई आणि मूल यांचा एकत्र विचार करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो वेगळं करता येत नाही.

मदत कुठे? जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथल्या मनोविकार विभागात दाखवता येतं. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तर मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. फोन करायला पालकाला जमत नसेल, तर मामा, काकू, आशाताई किंवा वर्गशिक्षक यांपैकी कुणीही तो करू शकतं.